आम्ही गाणें ‘साफ’ करतों

उतारवयांत मनुष्याला एखादा नवा नाद लागला म्हणजे घरांतल्या मंडळींनीं कपाळाला हात लावावा, ही रीतच आहे. आम्हांला लागलेला नाद शब्दशः नादाचाच असल्यामुळें मंडळींना कपाळावरचा हात वरचेवर कानांवरही न्यावा लागला, एवढाच काय तो फरक. कोणी पेन्शनींत निघाल्यावर ज्ञानेश्वरी वाचावयास घेतो, कोणी गुलाबाचीं कलमें करतो; आम्हीं मिक्सिंग करावयास घेतलें. मिक्सिंग म्हणजे निरनिराळ्या माइकांवर टिपलेले आवाज संगणकावर एकत्र आणून त्यांचें एक गाणें करावयाचें. या उद्योगांतलें जें सर्वांत सोपें दिसणारें, आणि म्हणूनच नवशिक्याच्या हातून सर्वांत अधिक नासधूस करविणारें हत्यार आहे, त्याला इक्वलायझर म्हणतात. त्या हत्यारानें आम्हीं आमच्या घरांत काय केलें, त्याची ही हकीकत. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा जुना आवाज असेल, आणि माइक व संगणक तर हल्लीं घरोघरीं आहेतच; तेव्हां ती सांगून टाकलेली बरी.

आमची आत्या गाते. गात असे, असें म्हणावयास पाहिजे. पण घरांत अजून कोणी तसें म्हणत नाहीं, म्हणून आम्हीही म्हणत नाहीं. तिचें गाणें मैफलीचें नव्हे. लहानपणीं आमच्या आजोबांनीं तिला घरीं गवईबुवांची शिकवणी लाविली होती. ती पांच वर्षें चालली, लग्न झाल्यावर सुटली, आणि पुढें आत्या कायमची माहेरीं आली तेव्हां मिरजेचा तंबोरा तेवढा तिच्याबरोबर परत आला. तेव्हांपासून गौरीपूजनाच्या रात्रीं माजघरांत आत्याचीं पांच गाणीं व्हावयाचीं, हा आमच्या घरचा एक कुळाचारच होऊन बसला. शेवटचें गाणें भैरवी, आणि पहिला एक अभंग. हा अभंग ती मंद्र सप्तकांतल्या पंचमावर येऊन बसे आणि मग तेथून हळूहळू वर चढे. गवईबुवांनीं पहाटे उठवून तिच्याकडून खर्जाची मेहनत करवून घेतली होती, तिचें फळ म्हणजे हा पंचम. वयाच्या ७८ व्या वर्षीं वरचा षड्ज डळमळूं लागला होता, परंतु खालचा पंचम उभा होता, आणि त्याचा तिला अभिमान होता. तो ती बोलून दाखवीत नसे. त्या स्वरावर ती जरा जास्त वेळ थांबे, एवढ्यावरून आपण ओळखावयाचें.

२०२२ सालच्या भाद्रपदांत थोरल्या पुतण्यानें मुंबईहून चार माइक, आणि ते चारही आवाज निरनिराळे टिपून ठेवणारें एक लहानसें यंत्र आणलें. एक माइक आत्यापुढें, एक काकांच्या पेटीपुढें, एक धाकट्या पुतण्याच्या तबल्यापुढें आणि एक सूनबाईंच्या हातांतल्या तंबोऱ्यापुढें, अशी मांडणी झाली. चार माइक म्हणजे चार वेगळे आवाज, अशी आमची भोळी समजूत होती. माजघर तें केवढें. त्यांत तीस माणसें. आणि आत्यापासून डग्गा अवघ्या दोन हातांवर. तेव्हां आत्याच्या माइकांत डग्गा होता, तबल्याच्या माइकांत पेटी होती, पेटीच्या माइकांत काकांचें ‘वाहवा’ होतें, आणि सर्वांत मिळून डोक्यावरचा पंखा होता. पंखा बंद करावा अशी सूचना पुतण्यानें हळूच केली होती. पण उकाड्यानें जीव मेटाकुटीला आलेल्या तीस माणसांपुढें ती मांडणार कोण? एकत्र कुटुंबांत कोणाच्याच खोलीचें दार पुरतें लागत नाहीं, तसेंच हें झालें.

मुद्रण आटोपतांच पुतण्या मुंबईस गेला व पुढचें काम आमच्याकडे आलें. आमची योग्यता एवढीच कीं, घरांत रिकामे असे आम्हीच होतों. जातांना त्यानें संगणकावर इक्वलायझरची खिडकी उघडून दाखविली. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार, आणि मधून गेलेली एक आडवी रेघ. ही रेघ जेथें उचलावी तेथला आवाज वाढतो, जेथें दाबावी तेथला कमी होतो. “काका, उचलण्यापेक्षां दाबण्याकडे लक्ष असूं द्या,” एवढें सांगून तो गाडीवर गेला. हें वाक्य आम्हीं वहींत लिहून घेतलें व तत्काळ विसरलों.

त्या खिडकींत दिसतें तें काय, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. आत्याचा षड्ज काळी तीनचा, म्हणजे दर सेकंदास सुमारें १८५ कंपनांचा. तिचा तो खालचा पंचम सुमारें १३९ कंपनांचा. पण गळ्यांतून स्वर एकटा कधींच निघत नाहीं. १८५ च्या पाठोपाठ त्याची दुप्पट ३७०, तिप्पट ५५५, अशीं पटीपटीचीं कंपनें निघत असतात, आणि त्यांतलीं कोणतीं किती जोरकस, यावरून हा आवाज आत्याचा, ही पेटी, हा तंबोरा, असें आपण ओळखतों. तबल्याच्या शाईमुळें चामड्यालाही अशीं सुरेल पटीचीं कंपनें येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन व त्यांचे सहकारी यांनीं १९२० सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत दाखवून दिलें, आणि पुढच्याच वर्षीं रामन यांनीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीविषयीं लिहिलें. मनुष्याचा तरुण कान २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. इक्वलायझर या सबंध पट्ट्यावर राखणीला बसलेला असतो. तो नवा आवाज उत्पन्न करीत नाहीं. आहे त्यांतलें कोणी पुढें बसावें आणि कोणी मागें, एवढेंच तो ठरवितो. टेलिफोनच्या लांबलचक तारांतून जातांना बोलण्यांतले बारीक उंच आवाज अधिक विरून जात. ते पुन्हां इतरांच्या बरोबरीला आणण्यासाठीं ही युक्ति वापरण्यांत येऊं लागली, म्हणून तिचें नांव ‘समान करणारा’. हव्या त्या कंपनावर, हव्या त्या रुंदीनें, हवें तेवढें वर-खालीं करतां येईल असा इक्वलायझर जॉर्ज मॅसनबर्ग यांनीं १९७२ सालीं एका निबंधांत मांडला. संगणकावर आज दिसतो तो त्याच घराण्याचा.

ज्यांना आवाजाशीं अशी हातचलाखी करणें म्हणजे लबाडी वाटते, त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगून ठेवतों. ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाज कोरतांना खर्ज मुद्दाम कमी व तार मुद्दाम जास्त करून कोरीत, आणि वाजवितांना तें उलट करून घेत. खर्ज जशाचा तसा कोरला तर चरी फार रुंद होऊन तबकडींत गाणें मावत नसे, आणि तार जशीची तशी ठेवली तर ती तबकडीच्या खरखरींत बुडून जाई. किती कमी, किती जास्त, याचें प्रत्येक कंपनीचें माप निराळें होतें. १९५४ सालीं अमेरिकेंत एक सर्वमान्य माप ठरलें. म्हणजे आपल्या वाडवडिलांनीं दिवाणखान्यांत बसून निखळ म्हणून जें ऐकलें, तेंही कोणीतरी आधीं वाकवून मग सरळ केलेलेंच होतें.

आश्विनांत एके दिवशीं आत्या आमच्या खोलींत आली. “दिवसभर कानाला काय लावून बसतोस?” आम्हीं शक्य तितक्या सोप्या भाषेंत समजावून सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “म्हणजे जवारी लावणें म्हण कीं!” हें उत्तर पुतण्याला किंवा आम्हांला सुचलें नव्हतें. तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते तेथें खालून सुताचा दोरा घालतात. तो किंचित् पुढेंमागें सरकविला म्हणजे त्याच तारेंतून दडलेले स्वर उमलून येतात. तार तीच, खुंटी तीच, बोट तेंच. फक्त आवाजाचें अंग बदलतें. “दोरा केसभर सरकवायचा असतो,” आत्या म्हणाली. “तूं किती सरकवतोस?” आम्हीं म्हटलें, “बारा डेसिबल.” “तें मला कळत नाहीं बाबा,” असें म्हणून ती देवघरांत गेली. केसभर व बारा डेसिबल यांचें त्रैराशिक तेव्हांच मांडलें असतें तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. दहा डेसिबल वाढविले म्हणजे कानाला आवाज सुमारें दुप्पट वाटतो. आम्ही बारा सरकवीत होतों.

आमची पहिली चूक लोभाची. आम्हीं अभंग घेतला आणि चारही आवाज एकेकटे ऐकून एकेकटे सजविले. आत्याच्या आवाजाला वजन यावें म्हणून खालून उचलला, स्पष्टपणा यावा म्हणून मधें उचलला, तेज यावें म्हणून वरून उचलला. पेटीला तेंच केलें, तबल्याला तेंच केलें, तंबोऱ्याला तेंच केलें. प्रत्येक वेळीं आवाज पहिल्यापेक्षां मोठा होई, आणि मोठा झालेला आवाज कानाला नेहमींच चांगला झालेला वाटतो. ही कानाची जुनी खोड आहे. पुढें कळलें कीं, रेघ हलविल्यानंतर एकंदर आवाज पुन्हां पहिल्याइतकाच करून मग दोहोंची तुलना करावयाची असते. आम्हांला तें ठाऊक नव्हतें. चौघांनाही असें सजवून एकत्र वाजविलें, तों कोणीच ऐकूं येईना! चौघांनाही पहिल्या पंगतीला बसविल्यावर पहिली पंगत ती कोणती? शिवाय पेटीचे सूर आणि आत्याचा गळा हीं एकाच पट्ट्यांत नांदणारीं. तेथें जो जोरकस तो दुसऱ्याला झांकून टाकतो.

दुसरी चूक आमच्या घराच्या वेळापत्रकाची. दिवसा माजघरांत मुलांची शाळा, दूरदर्शनसंच, कुकरच्या शिट्ट्या. तेव्हां आम्ही रात्रीं अकरानंतर, झोपलेल्यांना त्रास नको म्हणून, अगदीं हलक्या आवाजांत काम करीत असूं. हलक्या आवाजांत मनुष्याच्या कानाला खर्ज फार कमी ऐकूं येतो, व वरचा तारही कांहींसा कमी. हें बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मन्सन या दोघांनीं १९३३ सालींच मोजून प्रसिद्ध केलें होतें. आम्हांला मात्र रात्रीं खर्ज उणा वाटला म्हणून आम्हीं तो भरला. सकाळीं मोठ्यानें लावून पाहतों तों डग्ग्याचे घुमार असे कीं, वहिनींनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, “भावजी, वर पलंग ओढतां आहां का?” तारेचें निराळेंच. साठीच्या आसपास कान वरचीं कंपनें हळूहळू सोडून देतो. आम्हांला जेथें चमक कमी वाटली तेथें ती मुळांत पुरेशी होती. कमी होते ते आमचे कान. आम्हीं भरलेली चमक धाकट्या पुतण्यानें ऐकली व हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “काका, प्रत्येक ‘स’ला कानांत सुई टोंचते.”

यावर आम्हीं खर्ज व तार परत खालीं आणावयास पाहिजे होता. परंतु एकदां आवाज बिघडला म्हणजे नवशिक्याला आपण काय केलें हें आठवत नाहीं. गाण्यांत काय बिघडलें आहे हेंच दिसतें. आम्ही दोष शोधूं लागलों. त्याची एक प्रसिद्ध रीत आहे: रेघेचें एक अरुंद टोंक भरपूर उंच उचलावयाचें, तें डावीकडून उजवीकडे फिरवावयाचें, आणि जेथें आवाज घाणेरडा लागेल तेथें खालीं दाबावयाचें. रीत वाईट नाहीं. पण अशा तऱ्हेनें उचलला तर कोणाचाही आवाज कोठेंही घाणेरडाच लागतो. आत्याच्या गळ्यांत आम्हांला एका बैठकींत अकरा दोष सांपडले व ते आम्हीं अकराही काढले. सासरीं नव्या सुनेचे दोष काढावयास बसलेल्या बायका आमच्यापुढें कांहींच नव्हेत.

आणि शेवटीं ती गोष्ट. आत्याच्या माइकांत शिरलेला डग्गा कांहीं केल्या जाईना. तेव्हां आम्हीं खालचा आवाज सबंध छाटून टाकण्याचें साधन काढलें. तें मुळांत पायरव, माइकाला लागलेला धक्का, वाऱ्याचा झोत असला गाळ काढण्यासाठीं असतें व बरेंच खालीं लावतात. आम्ही तें वर वर सरकवीत नेलें. डग्गा विरत चालला. ३०० कंपनांवर तो जवळजवळ नाहींसा झाला आणि आत्याचा आवाज कसा धुतल्यासारखा मोकळा झाला. आम्ही हर्षभरित झालों! १८५ चा षड्ज व १३९ चा पंचम हे दोन्ही ३०० च्या खालीं आहेत, हें साधें गणित आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तें न येण्याचें एक चमत्कारिक कारण आहे. मूळचें कंपन काढून टाकलें तरी त्याच्या पटीचीं कंपनें ऐकून आपला कान तो स्वर मनानेंच भरून काढतो. स्वर चुकत नाहीं, गाणें बेसूर होत नाहीं. फक्त त्याचें अंग जातें. जुन्या टेलिफोनच्या तारांतून ३०० पासून ३,४०० कंपनांपर्यंतचेंच बोलणें जात असे, आणि तरी आपण पुरुषाचा भारदस्त आवाज बिनचूक ओळखीत असूं, तो याच गुणामुळें.

अभंग पुरा झाला. तो थोड्या जागेंत बसावा म्हणून आम्हीं त्याची लहान एमपी-३ प्रत केली, आणि काम संपलें म्हणून त्या गाण्याचे चारही मूळ आवाज संगणकावरून व यंत्रावरून पुसून टाकले. बाकीचीं चार गाणीं अपुरीं होतीं म्हणून त्यांचे मूळ आवाज राहिले. आमच्या हातून झालेली एवढी एकच चांगली गोष्ट आळसामुळें झाली आहे.

दिवाळींत पाडव्याच्या दिवशीं तो अभंग फराळाच्या वेळीं मोबाइलवर लावला. सर्वांनीं फार वाखाणला. मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यांतून खर्ज मुळींच बाहेर पडत नाहीं, त्यामुळें आम्हीं काय नाहींसें केलें तें कोणाला कळण्याचा संभवच नव्हता. आत्यानेंही चकली मोडीत मोडीत ऐकलें व “बरें झालें आहे,” म्हणाली. चार दिवसांनीं मात्र तो मोठ्या कर्ण्यांवर चालूं असतां सहा वर्षांची नात माजघरांतून पळत आली व तिनें विचारलें, “आजी फोनवरून गातेय का?” आम्हीं हंसून तिला चिवडा दिला.

त्याच मार्गशीर्षांत आत्याला अर्धांगाचा झटका आला. महिनाभर ती रुग्णालयांत होती. परत आली तेव्हां उजवा हात चालत नव्हता व बोलणें एकेका शब्दानें येत होतें. पुढें बोलणें पुष्कळ सुधारलें, हात थोडा सुधारला. गळा गाण्याकडे वळला नाहीं. प्रयत्न करून पाहिला तेव्हां जो आवाज निघाला, तो तिनें एकदांच ऐकला आणि पुन्हां काढला नाहीं.

फाल्गुनांत एका दुपारीं तिनें खुणेनें आमचा हेडफोन मागितला. आम्हीं तो तिच्या कानांवर बसविला व अभंग लावला. ती डोळे मिटून ऐकत होती. डावा हात मांडीवर ताल धरीत होता. मग हात थांबला. तिनें डोळे उघडले व फार वेळ जुळवाजुळव करून विचारलें, “खालचा... पंचम?”

आम्हीं म्हटलें, “आहे कीं, आत्या.”

तिनें मान हलविली. “नाहीं.”

त्या रात्रीं आम्हीं तें गणित प्रथम केलें. मग झालेलें सुधारावें म्हणून १३९ च्या आसपासची रेघ उचलली. पंचम आला नाहीं. डग्गा आला, पंख्याची घरघर आली, आणि पाण्याखालून कोणी बोलावें तसा एक गुळगुळाट आला. लहान प्रत करतांना यंत्र मनुष्याच्या कानाला ऐकूं येणार नाहीं असें जें जें असेल तें टाकून देत असतें. आम्हीं आत्याचा पंचम इतका खालीं दाबला होता कीं, तें त्याला न ऐकूं येणाऱ्यांत जमा करून मोकळें झालें होतें. शिवाय चौघेही आतां एका पात्रांत कालवले गेले होते. एकट्या आत्याला उचलावें अशी सोयच उरली नव्हती. पुतण्याला फोन केला. त्यानें पुष्कळ उपाय सांगितले, शेवटीं तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, “काका, बाकीचीं चार कोठें आहेत? आधीं त्यांच्या दोन-दोन प्रती करून ठेवा.”

त्या केल्या. उरलेलीं चार गाणीं आम्हीं सहा महिने घेऊन केलीं, आणि त्यांत काय केलें हें विचाराल तर सांगण्यासारखें फार थोडें आहे. काम दिवसा, बोलण्याच्या बेताच्या आवाजांत. तासाभरानें कानांना विश्रांति. एकेकटा आवाज फक्त दोष कोठून येतो तें पाहण्यापुरता ऐकावयाचा. रेघ हलवावयाची ती चौघेही गात-वाजत असतांना. आत्याच्या माइकाची छाटणी ९० वर, पंचमाच्या बरीच खालीं. डग्गा तिच्या माइकांत ऐकूं येतो, तो येऊं दिला. तबल्याचा माइक थोडा हलका केला तेव्हां दोघे मिळून एकच डग्गा झाला. तंबोऱ्याचा खालचा भाग थोडा दाबला, त्यानें आत्याच्या षड्जाला जागा मिळाली. विजेच्या प्रवाहाची एक गुणगुण आपल्याकडे ५० कंपनांवर असते व तिचीं पिलें १०० व १५० वर. पन्नास व शंभरवर अगदीं अरुंद चिमटा घेतला. पण १५० आणि १३९ हे शेजारी-शेजारी आहेत, तेथें आम्हीं हात लाविला नाहीं. भैरवींत त्या ठिकाणीं बारीक गुणगुण आहे. ती राहील. आत्याच्या आवाजांतली वयाची खरखर, जिचे आम्हीं पूर्वीं अकरा दोष केले होते, तीही तशीच आहे. वरच्या चमकेच्या बाबतींत आम्ही आतां धाकट्या पुतण्याच्या कानानें चालतों. आणि प्रत्येक गाणें पुरें झाल्यावर हेडफोन, दिवाणखान्यांतले मोठे कर्णे व वहिनींचा स्वयंपाकघरांतला मोबाइल, अशा तिन्ही ठिकाणीं ऐकतों. मोबाइलवरही पंचम असल्याचा भास व्हावा एवढीं त्याचीं पटीचीं कंपनें शाबूत असलीं पाहिजेत, अशी आमची आतां अट आहे.

तक्रार राहिली ती काकांची. आत्याच्या गळ्याला वाट मिळावी म्हणून आम्हीं पेटीचा, १,००० पासून ३,००० कंपनांपर्यंतचा भाग रुंद व उथळ असा तीन डेसिबल दाबला. काका आले व त्यांनीं पेटीचा माइक एकटाच लावून ऐकला. “माझी पेटी कोठें गेली?” आम्हीं म्हटलें, “काका, एकटी ऐकूं नका, सर्वांबरोबर ऐका.” त्यांनीं सर्वांबरोबर ऐकलें. “सर्वांबरोबर तर मुळींच नाहीं!” मग त्यांनीं १९४० सालीं रेडिओनें पेटीवर बंदी घातली होती व ती १९७१ मध्यें कोठें सैल झाली, हा इतिहास आम्हांला ऐकविला, आणि ती बंदी आमच्या खोलींत अद्याप चालूं असल्याचें जाहीर केलें.

प्रकरण आत्याकडे गेलें. तिनें हेडफोन लावून सबंध भैरवी शेवटपर्यंत ऐकली. मंद्रांतल्या एका जागीं तिचें बोट मांडीवर जरा जास्त वेळ टेकून राहिलें, तें आम्हीं पाहिलें. काका उभेच होते. “ताई, पेटी कमी आहे कीं नाहीं?” आत्यानें हेडफोन काढला व म्हणाली, “पुरे आहे.”

काका दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं दुपारीं, आत्याचा डोळा लागलेला पाहून, ते आमच्या खोलींत आले व दार लोटून घेत हळूच म्हणाले, “केसभर?” आम्हीं पेटी अर्धा डेसिबल उचलली. तेवढ्यानें ती अधिक ऐकूं येते असें आम्हांला वाटत नाहीं, पण काकांना येते. आत्यानें त्यानंतर ती भैरवी पुष्कळदां ऐकली आहे. तिला कळलें असावें, पण ती कांहीं बोललेली नाहीं.